हात लावला की चाल

क्लीव्हलंडमध्ये रुडी पावेल्काचं नाव काढलं की लोक एकच गोष्ट सांगतात. मला ती ऐकून ऐकून वीट आलाय. तरी आधी तीच सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सत्तावन्न साल. न्यूयॉर्कला बुद्धिबळाच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी. रुडी चोवीस वर्षांचा, पोलादाच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्याचा पोरगा, अंगात बापाचा कोट, तोही बाह्या दुमडून. डाव बरोबरीत सुटला असता तरी पठ्ठ्या देशाचा विजेता झाला असता. समोरचा खेळाडू कॉफी आणायला उठून गेलेला, पंच हॉलच्या दुसऱ्या टोकाला. रुडीनं घोड्याला हात लावला, आणि लावल्याबरोबर त्याला दिसलं की घोडा हलला तर आपण मेलो. कोणी बघितलं नव्हतं. हात मागे घेतला असता तर कुण्णाला कळलं नसतं. पण आमच्यात नियम आहे, हात लावला की चाल. ज्या सोंगटीला हात लागला तीच हलवायची. रुडीनं घोडा हलवला. कॉफी घेऊन आलेला माणूस पटाकडे बघतच राहिला, म्हणाला, "हे काय केलंस?" रुडी म्हणाला, "हात लागला होता." झालं. डाव गेला, विजेतेपद गेलं.

घरी आल्यावर त्याची आई म्हणाली होती, "एक दिवस खोटं वागला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं का रे?" हे मात्र लोक सांगत नाहीत. मला रुडीनंच सांगितलं होतं, हसत हसत.

मी हेझल ड्रॉबनी. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात नोकरी आणि शनिवार-रविवार बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये पंच, असं माझं अर्धं आयुष्य गेलं. मोटेलांचे हॉल, विटकी गालिचे, मोठ्या भांड्यातली करपट कॉफी. पोरं मला पाठीमागे खवट म्हातारी म्हणतात. म्हणोत. पंचाला गोड बोलायचे पैसे मिळत नाहीत.

रुडी ग्रँडमास्टर झाला, तेव्हा आख्ख्या देशात ग्रँडमास्टर किती होते ते बोटांवर मोजता यायचं. तुम्हाला वाटेल केवढा मान! डोंबलाचा मान. शेजारी विचारायचे, "ते ठीक आहे रुडी, पण काम काय करतोस?" आयुष्यभर तो एका खटारा गाडीतून फिरला. या शनिवारी टोलेडो, पुढच्या शनिवारी पिट्सबर्ग, मधे कुठंतरी वाचनालयात एकदम तीस जणांशी खेळायचं, कुठंतरी तुरुंगात कैद्यांना शिकवायचं. मागच्या सीटवर इस्त्रीचा एक शर्ट टांगलेला आणि सॉसेजचा डबा. जिंकला की पुढच्या गावापर्यंतच्या पेट्रोलची सोय. आयरीन, त्याची बायको, वाट बघत राहिली की हा कधीतरी खरी नोकरी धरेल. मग तिनं वाट बघणं सोडलं. पुढे ती वारली. दफन झालं शुक्रवारी आणि शनिवारी हा अ‍ॅक्रनला पटावर हजर. मी म्हटलं, "अरे, लाज वाटत नाही का?" तर म्हणाला, "हेझल, घरात बसून काय करू? इथं निदान मला माहीत असतं पुढं काय करायचं ते."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला टेबल दाखवलं.

एकच गोष्ट त्याला हवी होती. परत एकदा राष्ट्रीय स्पर्धेत बसायचं. दोनदा-तीनदा अगदी दाराशी जाऊन परत आला. साठी उलटली, केस गेले, नवी पोरं आली, ती कॉम्प्युटरवर सराव करणारी. तरी दर वर्षी याचं पालुपद, "यंदा जाणार बघ." क्लबात पोरं चेष्टा करायची, "रुडी, व्हीलचेअर लावू का गाडीला?" तो म्हणायचा, "लाव की, आणि ढकलायला तुझ्या बापाला बोलाव. त्याला पण हरवायचा राहिलाय."

आमचा क्लब होलुबच्या बेकरीवर, वरच्या मजल्यावर. खालून पावाचा वास येतो आणि वर सगळे उपाशी बसून खेळतात.

आता मुद्द्यावर येते. एका वर्षी मी अ‍ॅक्रनला रुडीच्या टेबलाजवळ उभी होते. समोर एक दातांचा डॉक्टर, बरा खेळायचा. रुडीनं हत्तीला हात लावला, चांगला उचलला, परत ठेवला आणि प्यादं सरकवलं.  रुडी पावेल्का! ज्यानं हात लागला म्हणून देशाचं विजेतेपद सोडलं, तो! मी डॉक्टरकडे बघितलं. आता हा हात वर करेल, मला बोलावेल. आमच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धांत रीत अशी की समोरच्यानं तक्रार केली तरच पंचानं तोंड उघडायचं. डोळ्यांदेखत काही होवो, तक्रार नाही तर पंच मुका. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, नाही म्हणून. आणि स्वतःची चाल खेळला.

डाव संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "डॉक्टर, डोळे तपासून घ्या."

"दिसलं मला. पण जाऊ द्या ना हेझलबाई. रुडी आहे तो."

"रुडी आहे म्हणूनच!"

"त्याला कळलंसुद्धा नाही हो. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्यानं हात लावला हे त्यालाच माहीत नव्हतं."

ते खरं होतं, आणि तेच भयंकर होतं. रुडी लबाडी करत नव्हता. डोकं काहीतरी ठरवायचं, हात दुसरीकडे जायचा, मग डोकं त्याला ओढून आणायचं, आणि मधलं जे घडलं ते पुसलं जायचं. वहीत चाल लिहायचा तीसुद्धा बिनचूक. आधीच्या हाताचा पत्ता नाही.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. आणि जे बघितलं त्यानं माझा जीव उडाला. हे पहिलं नव्हतं. हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. टोलेडोच्यांना माहीत होतं, पिट्सबर्गच्यांना माहीत होतं. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. रुडीचा हात भरकटला की समोरचा खिडकीबाहेर बघायचा, नाक शिंकरायचा, कॉफीत साखर ढवळत बसायचा. जिंकत असलेल्या डावात बरोबरी देऊ करायचे आणि वर म्हणायचे, "वाचलो बुवा आज!" हे तेच लोक, जे एरवी अर्ध्या गुणासाठी सख्ख्या भावाच्या नरड्याला हात घालतील.

यात सगळ्यात पुढे स्टॅन कोझब. शाळेत गणित शिकवतो, त्या काळात ओहायोतला सगळ्यात भक्कम खेळाडू. त्याला बुद्धिबळ रुडीनंच शिकवलं. मी त्याला क्लबात कोपऱ्यात घेतलं.

"स्टॅन, त्याला सांग."

"काय सांगू?"

"की त्याचं डोकं चालेनासं झालंय. डॉक्टरकडे ने त्याला."

"आणि मग? खेळणं सुटलं तर तो किती दिवस जगेल? महिना? झाकली मूठ राहू दे, हेझल."

"मूठ त्याची आहे, झाकायला तुम्ही कोण?"

"तू पंच आहेस, नियमाचं बघ. आम्ही माणसाचं बघतो."

ऐका! मला नियम शिकवतोय, माझ्यासमोर मिसरूड फुटलेला. मी म्हटलं, "माणसाचं बघताय? त्याच्याकडे एकच चीज आहे स्टॅन, त्याचा शब्द. तीच तुम्ही रोज थोडी थोडी चोरताय, आणि त्याला वाटतंय आपण जिंकतोय." स्टॅन लाल झाला. पण ऐकलं नाही.

मग मीच रुडीला सांगितलं. नाश्त्याला बसलो होतो, त्याच्यासमोर अंडी आणि तळलेला बटाटा.

"रुडी, तुझा हात भरकटतो हल्ली पटावर."

"कुठं भरकटतो?"

"एका सोंगटीला लावतोस आणि दुसरी हलवतोस."

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "अगं, तसं असतं तर हे लांडगे मला सोडतील का? चाळीस वर्षं मी यांना खातोय, हे माझी वाट बघून आहेत. माझा हात चुकला तर सगळ्यांत आधी तो स्टॅन बोंबलेल. आणि निकाल बघ ना! यंदा मी पाच वर्षांत खेळलो नाही इतका चांगला खेळतोय."

 निकाल खरंच चांगले होते. त्या भल्या माणसांनीच चांगले केले होते. मी हातात पुरावा काय घेऊन उभी राहणार?

त्या वर्षी सॅंडस्कीला, सरोवराकाठच्या एका मोटेलात, आमची निवड स्पर्धा झाली. पहिला येईल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागा. बाहेर सरोवर गोठलेलं, आत हीटरची घरघर. शेवटच्या फेरीत पहिल्या टेबलावर स्टॅन आणि रुडी. जो जिंकेल तो जाणार.

रुडी सकाळपासून दाढी-बिढी करून, तोच इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. मला म्हणाला, "हेझल, आज जर हरलो ना, तर गाडी विकतो." त्याचा आवाज कापत होता.  देवा, मी म्हटलं, निदान आज याचा हात ताळ्यावर राहू दे.

नाही राहिला. डाव ऐन रंगात आला आणि रुडीनं वजीर उचलला. उचलला म्हणजे पटापासून वर घेतला. तो वजीर कुठंही गेला असता तरी पुढच्या चालीला रुडीवरच मात होती, अगदी शेंबड्या पोराला दिसली असती. रुडीनं तो परत जागेवर ठेवला, थोडा वेळ बसला आणि हत्ती पुढे नेला. सुंदर चाल होती ती. जुन्या रुडीची.

मी दोन पावलांवर उभी होते. स्टॅननं मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मी हात मागे बांधले होते. बोल, मेल्या, मी मनात म्हणत होते. एक शब्द बोल. स्टॅननं डोळे खाली घातले आणि खेळत राहिला. तासाभरात हरला. उठून रुडीला मिठी मारली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. रुडी रडत होता. लहान मुलासारखा नाक पुसत होता आणि म्हणत होता, "जाणार! म्हटलं नव्हतं मी?"

परतताना गाडीत तो गात होता. त्याच्या बापाचं कुठलं तरी झेक गाणं. मी म्हटलं, रुडी, गाडी बाजूला घे. त्यानं घेतली.

"तू वजिराला हात लावलास. मी बघितलं. स्टॅननंही बघितलं."

"स्टॅन असं म्हणाला?"

"स्टॅन काही म्हणाला नाही. तेच तर सांगतेय."

"मग तक्रार का नाही केली त्यानं?"

"कारण तू रुडी आहेस."

त्यानं इंजिन बंद केलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "हेझल, मी हात लावला असता तर मी वजीर हलवला असता. तू मला ओळखत नाहीस का?"

हेच.  सत्तावन्न सालचा तो घोडा माझ्या वाटेत येऊन उभा राहिला. मला घरी सोडलं त्यानं आणि महिनाभर बोलला नाही. मग एक दिवस बेकरीतली गोड बनं घेऊन दारात आला. "डेन्व्हरला चल. त्यांना जादा पंच हवेत, मी तुझं नाव दिलंय. तुला वाटतं ना माझा हात भरकटतो? ये आणि उभी राहा शेजारी." मी गेले. दुसरं कोण जाणार होतं?

डेन्व्हरला मोठं हॉटेल, झुंबरं, टेबलांवर निळं कापड, दोरीपलीकडे प्रेक्षक. रुडीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबेनात. चाळीस वर्षांनी परत आलेला माणूस. मुख्य पंचानं भाषणात ती गोष्ट सांगितली, घोड्याची. रुडी मान खाली घालून ऐकत होता, कान लाल झालेले.

पहिल्या फेरीत समोर मार्कस टिलरी, ब्रुकलिनचा, एकवीस वर्षांचा. चांगला पोरगा. बसण्याआधी रुडीला म्हणाला, "सर, तुमचे डाव बघून शिकलो मी." रुडी म्हणाला, "मग आज फी वसूल करतो." आणि खरोखर, सांगायला मला अजून अभिमान वाटतो, तो झकास खेळला. दुपारपर्यंत त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. बाकीचे खेळाडू उठून त्याच्या टेबलाशी येऊन बघत होते. पटावर एकच धोका होता, मार्कसचं एक काळं प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी येऊन बसलं होतं. रुडीचा उंट त्याच्यावर पहाऱ्याला. उंट हलला की ते प्यादं वजीर होणार आणि सगळं संपणार. बस, उंट तेवढा हलवायचा नाही.

रुडीनं उंट उचलला.

दोन बोटांत धरला, थोडा वेळ हवेत ठेवला, परत ठेवला आणि हत्तीनं शह दिला. घड्याळ दाबलं. इथं पंचाला तक्रारीची वाट बघावी लागत नव्हती; मी तोंड उघडणार तेवढ्यात मार्कसनं घड्याळ थांबवलं. तो घाबरला होता. "सर, माफ करा, तुम्ही उंटाला हात लावला."

"नाही," रुडी म्हणाला.

"सर, उचलला तुम्ही."

"बाळा, मी कशाला हात लावला ते मला कळतं."

आवाज चढला नव्हता. मुख्य पंच धावत आला. त्यानं मार्कसचं ऐकलं, रुडीचं ऐकलं, आणि मार्कसकडे असं काही बघितलं की पोरगा खुर्चीत आक्रसला. दोरीपलीकडून कोणीतरी बोललंच, "पावेल्कावर आळ घेतोय? पावेल्कावर?" मार्कस पुटपुटला, "कदाचित... माझा बघण्यात घोटाळा झाला असेल. जाऊ द्या सर. खेळूया."

म्हणजे हा पण! एकवीस वर्षांचं पोरगं, त्यानं बिचाऱ्यानं एक खरी गोष्ट सांगितली, आणि त्यालाही आम्ही घटकाभरात भला माणूस करून सोडलं.

आणि रुडी म्हणाला, "नाही. असं नको. माझ्यावर उपकार नकोत कोणाचे. हेझलला विचारा. ती इथंच उभी होती, आणि ती आयुष्यात कोणाला बरं वाटावं म्हणून बोललेली नाही." माझ्याकडे वळला. हसत होता. "सांग गं यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही लावला म्हटलं असतं तर तो डाव जिंकला असता. खरं सांगते, क्षणभर माझी जीभ तिकडे वळली होती. पण तो माझ्याकडे कसा बघत होता ते तुम्ही बघितलं नाहीत. त्याला दुसरं कोणी उरलं नव्हतं विचारायला.

"लावलास, रुडी," मी म्हटलं. "उचललास."

तो हसत होता तसाच राहिला, म्हणजे चेहरा तसाच राहिला. मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. पालथा करून, उताणा करून बघितला. हत्ती मागे घेतला, उंट उचलला, हलवला. मार्कसनं प्यादं शेवटच्या घरात नेलं. रुडीनं हार मानून राजा आडवा केला, त्याच्याशी हात मिळवला, म्हणाला, "बरोबर केलंस. माझी माफी मागायची नाही, कळलं?"

त्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, "सॅंडस्की?"

"ते पण."

"किती दिवस चाललंय?"

"बरेच."

"कोण कोण?"

"नावं मी सांगणार नाही. तूच बघ."

"डॉक्टर काय म्हणतील हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझ्या आईला असंच झालं होतं. ती मिठाची बरणी उचलायची आणि पाणी ओतायची." मग त्यानं सूप संपवलं. उरलेल्या फेऱ्या तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला आणि डाव्या हातानं खेळला. हलवायच्या आधी सोंगटीचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणायचा. जवळजवळ सगळे डाव हरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या लोकांना बदडावंसं वाटत होतं.

परत आल्यावरच्या शनिवारी दुपारी तो क्लबात आला. सगळे उठले, पाठीवर थापा, "दुर्दैव रे रुडी!" कोणी म्हणालं, "तो ब्रुकलिनचा कार्टा, लाज कशी वाटली नाही त्याला!" रुडी सगळ्यांचं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "स्टॅन, मांड पट."

मी कॉफीच्या भांड्यापाशी होते. बाकीचे खुर्च्या ओढून भोवती बसले. डाव सुरू झाला. थोड्या चाली झाल्यावर रुडीनं वजीर उचलला. डेन्व्हरसारखा नाही. हात लांब करून, सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि परत जागेवर ठेवला. मग एक प्यादं सरकवलं आणि घड्याळ दाबलं.

माझ्या लक्षात आलं तो काय करतोय.

स्टॅननं वजिराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी तोंडावर काही दाखवलं नाही. शेजारचा एक जण वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. दुसरा खिडकीकडे गेला. स्टॅननं आपली चाल केली.

"काही बोलायचंय का स्टॅन?" रुडीनं विचारलं.

"नाही रे. चांगला खेळतोयस."

 मग रुडीनं हत्ती उचलला आणि पटावर तिरका नेला. तिरका! एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे, उंटासारखा. ठेवला, घड्याळ दाबलं आणि स्टॅनच्या डोळ्यांत बघत बसला.

 घड्याळ तेवढं टिकटिकत होतं, स्टॅनचं. स्टॅनचं कपाळ घामेजलं होतं. तो कपाळाला हात लावून विचार केल्यासारखं करत राहिला. आणि मग, अरे देवा, त्यानं हात पुढे केला आणि आपला घोडा हलवला.

"स्टॅन," रुडी म्हणाला, "हत्ती तिरका चालतो का रे?"

 पन्नाशीला आलेला गणिताचा मास्तर, हमसून हमसून रडायला लागला. "रुडी, आम्हाला फक्त..."

"सहा वर्षांचा होतास तू. हत्ती सरळ चालतो, हे मी तुला शिकवलंय." रुडी उठला. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, कोणी मान वर केली नाही. "सत्तावन्न साली कोणी बघत नव्हतं, तरी खरं खेळायला सोपं गेलं. तुम्ही सगळे बघत होतात, आणि एकानंही सांगितलं नाहीत."

टोपी घातली आणि जिना उतरून गेला. रागानं दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं ते नीट लावून घेतलं. त्यानंतर तो क्लबात कधी आला नाही. स्टॅननंही खेळणं सोडलं.

आता रुडी पार्माला एका वृद्धाश्रमात असतो. मी रविवारी जाते, होलुबकडची बनं घेऊन. मला तो कधी हेझल म्हणतो, कधी आयरीन. ती गोष्ट त्याला आठवत नाही, घोड्याची, आणि डेन्व्हरचीही नाही. हरलेलं-जिंकलेलं काही नाही. तिथल्या नर्सबाईंना कोणीतरी सांगितलं की हा मोठा ग्रँडमास्टर, तर त्या हौशीनं कुठून तरी पट घेऊन आल्या, सोंगट्या मांडून त्याच्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "खेळा ना आजोबा, कुठलीही हलवा."

त्यानं पटाकडे बघितलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून घेतला. का, ते त्याला सांगता येईना. मी पट उचलायला लावला तेव्हाच त्यानं हात बाहेर काढला.